सात सेंटिमीटरमधलं बेथलेहेम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लीहाय नदीच्या काठी बेथलेहेम नावाचं शहर आहे. वस्ती ७५ हजारांच्या घरात. १७४१ च्या नाताळच्या आदल्या रात्री मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीला हे नाव मिळालं, तेव्हा पंथाचा पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ स्वतः तिथे होता. पुढे १९३७ साली, मंदीच्या दिवसांत, तिथल्या व्यापारी मंडळाने ‘ख्रिसमस सिटी’ असं बिरूद शहराला लावून घेतलं आणि दक्षिणेच्या डोंगरावर विजेचा भलामोठा तारा उभा केला. थोडक्यात, नाताळ आणि इमारती ही या गावाची जुनी मिळकत. २०२४ साली मोरावियन वसाहती म्हणून इथल्या वास्तूंचं नाव जागतिक वारशाच्या यादीतही गेलं. अशा गावाच्या इमारती ख्रिसमस ट्रीवर टांगण्याच्या ऑर्नामेंटमध्ये उतरवायच्या झाल्या तर काय काय करावं लागतं आणि काय काय सोडावं लागतं, त्याचा हा लेख.

दरवर्षी एक इमारत, एक ऑर्नामेंट, मागे साल, सोबत खोका आणि माहितीचा कागद: ही रीत अमेरिकेत लोकांच्या अंगवळणी पडली त्यात व्हाइट हाउस हिस्टॉरिकल असोसिएशनचा वाटा मोठा. त्यांची मालिका १९८१ साली सुरू झाली. पहिलं ऑर्नामेंट वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या देवदूताचं होतं, दुसऱ्या वर्षीपासून राष्ट्राध्यक्ष क्रमाने येऊ लागले. गावोगावच्या इतिहासमंडळांनीही हाच मार्ग धरला, कारण छपराच्या दुरुस्तीला पैसे लागतात आणि वर्गणी मागण्यापेक्षा वस्तू विकणं सोपं जातं.

या वस्तू पितळेच्या का असतात, याचं कारण हिशेबात आहे. ठशाने दाबून काढायचं तर आधी पोलादी ठसा कोरावा लागतो आणि त्याचा खर्च भरून यायला हजारोंनी नग खपावे लागतात. रसायनाने पत्रा कोरण्याच्या पद्धतीत ठशाच्या जागी फक्त फिल्मवर छापलेलं चित्र असतं. चित्र बदलायला फारसं काही पडत नाही. त्यामुळे चार-पाचशे नगांची ऑर्डरही परवडते, आणि लहान शहराला तेवढेच नग खपवता येतात. काचेचे गोळे आणि राळेच्या मूर्तीही निघतात, पण काचेवर इमारत नुसती चिकटवल्यासारखी दिसते आणि राळेत कडा बोथट होतात. खिडक्या, कमानी, कठडे यांची बारीक जाळी पितळेत जशी येते तशी दुसरीकडे येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर पत्रा घ्यायचा ०.५ मिलिमीटर जाडीचा. ऑर्नामेंटची रुंदी सात सेंटिमीटर धरू, उंची आठ. इमारतीची दर्शनी बाजू वीस मीटर असेल तर प्रमाण झालं साधारण एकास २८५. आता या पद्धतीचा मूळ नियम: आरपार कापताना शिल्लक राहणारी पट्टी पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक ठेवता येत नाही आणि भोक जाडीपेक्षा थोडं मोठंच लागतं. म्हणजे पट्टी किमान ०.५, भोक किमान ०.६ मिलिमीटर. पृष्ठभागावर अर्धवट खोल कोरलेली रेघ ०.२५ मिलिमीटरपर्यंत नीट येते. हे आकडे इमारतीच्या मापात परत नेले की गंमत कळते. सर्वांत बारीक पट्टी म्हणजे खऱ्या इमारतीवरची १४ सेंटिमीटरची तुळई, आणि सर्वांत बारीक रेघ म्हणजे सात सेंटिमीटर. त्याहून लहान जे काही त्या भिंतीवर आहे, ते या पितळेच्या लेखी नाहीच.

खिडकीचं उदाहरण घ्या. एक मीटर रुंदीची खिडकी इथे साडेतीन मिलिमीटरची होते. आडवे तीन काचतुकडे असतील तर मध्ये दोन उभ्या पट्ट्या. दोन्ही आरपार कापल्या तर एक मिलिमीटर पट्ट्यांतच जातं, उरलेल्या अडीच मिलिमीटरमध्ये तीन भोकं. नियमात बसतं, पण खऱ्या खिडकीत जी पट्टी तीन सेंटिमीटरची आहे ती इथे १४ सेंटिमीटरची झाली, आणि घराला तुरुंगाचे गज लागले. म्हणून जाणता चित्रकार तीनाचे दोन तुकडे करतो, किंवा खिडकी आरपार न कापता नुसत्या रेघांनी काढतो. मोजून बघणारा एखादा संग्राहक पत्र पाठवतोच की काचा कमी आहेत. त्याचं बरोबर असतं. तरीही दोनच ठेवाव्यात.

मूळ आराखड्यासाठी फोटोवर विसंबू नये. रस्त्यावरून मान वर करून काढलेल्या फोटोत भिंती वर जाताना आत झुकतात आणि घंटाघर आखूड दिसतं. संगणकात ते सरळ करता येतं, पण छज्ज्याखालची सावली आणि छपराचा उतार खोटा होतो. शिवाय फोटो ज्याचा त्याच्या परवानगीचा प्रश्न असतो, इमारत कितीही जुनी असली तरी. अमेरिकेत यावर उत्तम सोय आहे: १९३३ साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी सर्वेक्षणातली मोजून काढलेली रेखाटनं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि बहुतेक कुणालाही वापरता येतात. तिथून दर्शनी आराखडा घ्यावा, मग इमारतीसमोर जाऊन उभं राहावं. आराखडा मापं सांगतो. डोळा कुठे थांबतो ते मात्र तिथे गेल्यावरच कळतं.

आणि डोळा जिथे थांबतो तेच ठेवायचं असतं. दिवाळीत मातीचा राजगड करणाऱ्या पोरांना हे न सांगता कळतं: तीन माच्या तीन दिशांना फेकल्या आणि मध्ये बालेकिल्ला चढवला की राजगड झाला, मग पायऱ्या दहा असोत की चार. बेथलेहेमच्या सेंट्रल मोरावियन चर्चचं तसंच आहे. १८०३ ते १८०६ दरम्यान बांधलेलं हे चर्च जवळपास दीड हजार माणसं बसतील एवढं, आणि तेव्हा गावाची वस्ती त्याच्या निम्मीही नव्हती. भिंती साध्या, गिलावा केलेल्या. सगळी ओळख वरच्या खुल्या घंटाघरात आणि त्याच्या घुमटीत. या घंटाघरात उभं राहून ट्रॉम्बोन वाजवण्याची इथली प्रथाही जुनी. मग चर्चची लांबी खुशाल दाबावी, खिडक्यांची एक जोडी गाळावी, पण घंटाघराला उंचीचा तिसरा हिस्सा द्यावा. खऱ्या प्रमाणात तो इतका नाही. तरी गावकरी ते बघून ‘हेच आमचं’ म्हणतात, आणि प्रमाणशुद्ध आवृत्ती दाखवली तर कुठल्याशा गावचं चर्च असावं असं समजतात.

गेमाइनहाउसची, म्हणजे वसाहतीच्या सामुदायिक घराची, अडचण वेगळी. १७४१ ची ही लाकडी इमारत मुळात ओंडक्यांची. पुढे एकोणिसाव्या शतकात ओंडक्यांवर आडव्या फळ्या ठोकल्या गेल्या आणि आज बाहेरून फळ्याच दिसतात. मग ऑर्नामेंटवर काय काढायचं? ओंडके काढले तर इतिहास खरा, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ओळख पटत नाही. माझा कौल फळ्यांना. ओंडक्यांची गोष्ट सोबतच्या कागदावर सांगावी. फळ्यांमधलं अंतर १२ सेंटिमीटर असेल तर आपल्या प्रमाणात ०.४२ मिलिमीटर. रेघ ०.२५ ची कोरली तर दोन रेघांमध्ये उरते ०.१७ मिलिमीटरची धार, ती रसायनात टिकत नाही. सगळी भिंत एकसारखी करडी, खरबरीत होऊन निघते. तिथे तीन फळ्यांची एक फळी करावी. सव्वा मिलिमीटरवर एक रेघ आली की भिंत फळ्यांची दिसते आणि मोजायला कुणी जात नाही.

१७६२ च्या जलघराला तर दर्शनी सौंदर्य असं नाहीच. चुनखडीच्या दगडाची ठेंगणी इमारत, उतरतं कौलारू छप्पर. पण त्या काळच्या अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये पंपाने गावाला पाणी चढवणारी ही पहिली सार्वजनिक योजना. पाणचक्की आणि पंप सगळे आत. बाहेरून काढलं तर कुणाचंही कोठार वाटेल. इथे एक भिंत उघडी करून आतलं चाक दाखवण्याची मुभा घ्यावी. पितळेला भोकं आवडतात, चाकाचे आरे आरपार फार देखणे येतात. दगड मात्र एकेक काढत बसू नये. कोपऱ्यांवर दहाबारा दगड, मध्ये तुरळक चार, एवढं पुरतं.

बेल हाउसच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारं निशाण आहे, त्यावर मोरावियनांचं चिन्ह, कोकरू आणि ध्वज. तो दांडा खरा तीन सेंटिमीटरचा असेल तर ऑर्नामेंटवर ०.१ मिलिमीटर होईल. अर्थातच अशक्य. आणि ०.५ चा केला तरी सर्वांत आधी वाकणारा भाग तोच, कारण खोक्यातून काढताना माणूस नेमकं टोकाला धरतो. उपाय जुना आहे: दांड्यामागे टांगण्याची कडी आणावी, म्हणजे चिन्हाला आधार मिळतो आणि कडी वेगळी डोळ्यांत भरत नाही.

चित्र तयार झालं की दोन फिल्म निघतात, पुढची आणि मागची. जिथे दोन्हीकडून कोरायचं तिथे पत्रा आरपार जातो, जिथे एकाच बाजूने तिथे अर्धवट खोल रेघ उमटते. दोन फिल्म तंतोतंत एकमेकींवर बसल्या पाहिजेत. ०.१ मिलिमीटर सरकल्या तरी कडेला पायरी येते आणि बोटाला लागते. पत्रा आधी तेल आणि बोटांचे डाग जाईपर्यंत धुतात, मग दोन्ही बाजूंना प्रकाशसंवेदी पातळ थर गरम रुळाखालून चिकटवतात, अतिनील प्रकाश देतात आणि धुण्याच्या सोड्याच्या सुमारे एक टक्का द्रावणात न कडक झालेला थर उतरवतात. उघडं पडलेलं पितळ मग पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास गरम फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्याखाली जातं. घरी इलेक्ट्रॉनिक्सचे सर्किट बोर्ड कोरलेल्यांना हा तपकिरी द्रव चांगलाच माहीत असतो, कपड्यांवरचा डागही. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नसतं, त्यात तांबं असतं.

घोटाळे होतात ते इथे. रसायन खाली जसं खातं तसं बाजूलाही खातं. त्यामुळे ०.२५ ची रेघ हवी तर चित्रात ती ०.१५ च्या आसपास काढावी लागते, उरलेलं रसायन करून देतं. ही सूट न देता पाठवलेल्या चित्राचा नमुना आला की कठडे गायब आणि खिडक्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. दुसरा घोटाळा वाकण्याचा. पत्रा लाटताना त्यात ताण भरलेला असतो. आकाश म्हणून मोठा भाग एकाच बाजूने अर्धा खोल कोरला की एका बाजूचा ताण सुटतो आणि ऑर्नामेंट होडीसारखं वळतं. म्हणून आकाश सपाट कोरू नये. हिमकण, तारे, आडव्या तुटक रेघा अशी नक्षी टाकून पूर्ण जाडीचे बिंदू मध्ये मध्ये राखावेत. ती नक्षी शोभेची वाटते, असते सांगाड्याची.

नग मूळ पत्र्याला लहान दांड्यांनी जोडलेले असतात, ते शेवटी कापून कानशीने घासतात. हे सांधे कुठे येतील ते कारखान्यावर सोडू नये. छपराच्या तिरक्या रेषेवर सांधा आला की तिथे गाठ राहतेच. खालच्या सरळ कडेवर घ्यावा.

खोली हवी तर दोन किंवा तीन थर करतात: मागे झाडं किंवा आकाश, मध्ये इमारत, पुढे कुंपण, दिव्याचा खांब. एका थराच्या जिभा दुसऱ्याच्या खाचेत घालून मागे दुमडतात. या पद्धतीत मापाची चूक जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत धरतात, वर मुलाम्याची जाडी. म्हणून ०.५ च्या जिभेला खाच ०.६ ते ०.६५ ची. दुमडण्याची रेघ अर्धी कोरून ठेवतात आणि दुमड त्या रेघेच्या आत घेतात. दुमड एकदाच. पितळ वाकवलं की कडक होतं, सरळ करून पुन्हा वाकवलं की जीभ तुटते.

सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर हवा, नाहीतर पितळेतलं तांबं आणि जस्त हळूहळू सोन्यात झिरपून काही वर्षांत रंग मळतो. रंग भरायचे असतील तर ते जाळीच्या छपाईने येतात आणि छपाई पाव मिलिमीटर इकडे-तिकडे सरकतेच. म्हणून प्रत्येक रंगाभोवती सोनेरी काठ सोडावा, किंवा रंग कोरलेल्या खोलगट भागात भरावा. पांढऱ्याची खास काळजी: सोन्यावर एकच हात दिला तर तो पिवळट-राखाडी दिसतो, आणि नाताळच्या ऑर्नामेंटवर बर्फ मळका दिसून कसं चालेल? दोन हात द्यायला लावावेत.

आता टांगण्याचं गणित, जे सर्वांत जास्त विसरलं जातं. कडी गुरुत्वमध्याच्या बरोबर वर हवी. घंटाघर इमारतीच्या मधोमध नसेल आणि कडी त्याच्या टोकाला लावली तर ऑर्नामेंट कलतं. कडी गुरुत्वमध्यापासून चार सेंटिमीटर वर असून बाजूला फक्त दोन मिलिमीटर सरकलेली असेल तरी कल जवळपास तीन अंशांचा. चर्च तीन अंश कललेलं लगेच कळतं. उपाय फुकटचा आहे: चित्र खऱ्या मापात जाड पुठ्ठ्यावर छापून भोकांसकट कापावं, टाचणीला लटकवावं आणि दोरा-वजनाने बघावं. कललं तर कडी सरकवण्याऐवजी हलक्या बाजूला एखादं झाड वाढवावं. वजनाचं म्हणाल तर भोकं वजा जाता एक थर १२ ग्रॅमच्या आसपास भरतो, तीन थर ३५ पर्यंत. नाताळच्या झाडांपैकी फ्रेझर फरच्या ताठ फांद्या एवढं सहज पेलतात, पांढऱ्या पाइनच्या मऊ फांद्या वाकतात.

ऑर्नामेंटवर दोन सालं येतात आणि त्यांची गल्लत होते. इमारतीचं बांधकाम-साल पुढे नावासोबत, ऑर्नामेंट निघालेलं साल मागे, लहान. उलटं केलं की वीस वर्षांनी लिलावात कुणीतरी १७६२ चं ऑर्नामेंट म्हणून विकायला काढतं. मालिकेचा क्रमांकही मागेच. संग्राहक खोका आणि कागद यांच्यासकट किंमत धरतात, त्यामुळे कागदावर चार ओळी का होईना, नेमक्या असाव्यात. जपून ठेवताना रबरबँड लावू नये, त्यातल्या गंधकाने धातू काळवंडतो. वर्तमानपत्रातही गुंडाळू नये. आम्लरहित पातळ कागद आणि मूळ खोका, बस.

राहिला मालिकेचा क्रम. चर्च, गेमाइनहाउस, १७५८ ची सन इन ही खानावळ-सराई, जलघर ही नावं कुणीही पटापट सांगेल. नदीच्या दक्षिण काठावर मात्र बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीच्या, लोखंड वितळवणाऱ्या पाच झोतभट्ट्या उभ्या आहेत, सत्तर मीटरच्या आसपास उंच. गोल्डन गेट पुलाचं पोलाद या कंपनीचं. नोव्हेंबर १९९५ मध्ये इथलं पोलाद थांबलं. आज भट्ट्यांच्या पायथ्याशी कलाकेंद्र आहे आणि तिथेच नाताळचा बाजारही भरतो, म्हणजे चर्चची ऑर्नामेंट विकली जातात ती भट्ट्यांच्या सावलीत. नाताळच्या झाडावर गंजकी भट्टी कशी शोभेल, असा आक्षेप येणारच. माझ्या मते ती पहिल्या पाचांत यायला हवी. या गावातल्या कित्येक घरांचा नाताळ त्या पगारावर झालेला आहे, आणि पाहुण्यांना आवडेल तेच निवडत गेलं तर मालिका अठराव्या शतकातच अडकून पडते.

करायला मात्र भट्टी अवघड. तिला दर्शनी भिंत नाही, नुसतं नळ्यांचं जंजाळ. सत्तर मीटर सात सेंटिमीटरमध्ये बसवले की प्रमाण एकास हजार, आणि ०.५ ची पट्टी म्हणजे अर्धा मीटर. मोठ्या नळ्या त्यात बसतात, जिने आणि कठडे जातात. एका थरात सगळं घेतलं तर काळा गुंता दिसतो. तीन थर करावेत: मागे तापवण्याच्या उंच टाक्या, मध्ये भट्टी, पुढे कच्चा माल नेणाऱ्या उंच पुलाचे खांब. पाचही भट्ट्या घ्यायच्या मोहात पडू नये, दोन पुरेत. चकचकीत सोनं टाळून काळसर निकेल द्यावं आणि सोनं फक्त खालच्या तोंडाशी, जिथून वितळलेलं लोखंड बाहेर पडायचं. वजन ३५ ग्रॅमच्या पुढे जाईल, तेव्हा कडी जाड तारेची घ्यावी आणि टांगताना फांदीच्या टोकाला न लावता खोडाजवळ लावावी.